एकवीस गिनींचा कॅमेरा : सावेदादा भाटवडेकर यांची कारकीर्द

मलबार हिलवरील हँगिंग गार्डनमध्ये प्रातःकाळी फिरावयास जाणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखकही एक होय. पाण्याच्या टाकीवर १८८१ च्या सुमारास वसविलेल्या या बागेस पुढे सर फिरोजशहा मेहता यांचे नाव देण्यात आले, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु १८९९ साली याच बागेत पुंडलीक आणि कृष्णा न्हावी या दोन नामांकित पैलवानांची कुस्ती लावण्यात आली आणि एका मराठी गृहस्थाने ती चलच्चित्राच्या कॅमेऱ्यावर टिपली, ही हकिकत मात्र फारच थोड्यांच्या कानावर असते. त्या गृहस्थांचे नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबई त्यांना सावेदादा या नावाने ओळखीत असे. आज ज्यास आपण वृत्तचित्र, माहितीपट किंवा अनुबोधपट म्हणतो, त्याचे हे पहिले भारतीय निर्माते.

मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी. बी.कॉम. झाल्यानंतर वडिलांच्या गादीवर बसलो तो आजतागायत. चित्रपटशास्त्राचा अधिकार मला नाही, तरी सावेदादांच्या कारकिर्दीत व्यापाऱ्याने विचार करावा असे पुष्कळ आहे. म्हणूनच संपादक मंडळाने विषयाची निवड माझ्यावर सोपविली तेव्हा हे नाव प्रथम सुचले.

सावेदादांचा जन्म १५ मार्च १८६८ रोजी झाला. धंदा छायाचित्रणाचा. त्या काळी मुंबईत छायाचित्र काढून घेणे हा प्रतिष्ठेचा भाग झाला होता. लग्न, बढती, विलायतेस प्रयाण अशा प्रसंगी मंडळी ठेवणीतील पोशाख करून पडद्यापुढे ताठ उभी राहत. असा माणूस १८९६ च्या पावसाळ्यात ल्युमिएर बंधूंचे हलते चित्र पाहतो, ही त्याच्या आयुष्यातील कलाटणी होय. ७ जुलै १८९६ रोजी एस्प्लनेडवरील वॉटसन्स हॉटेलात हा खेळ प्रथम झाला. मारियुस सेस्तिए नावाचा फ्रेंच गृहस्थ ऑस्ट्रेलियास जाता जाता मुंबईत थांबला होता. तिकीट एक रुपया, आणि एकूण सहा लहान चित्रे. आठवडाभराने हेच खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात सुरू झाले. तेथे चार आण्यांपासून तिकिटे होती आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी बैठक होती. चार आण्यांचा दर ठेवणाऱ्यास गिऱ्हाईक ओळखता येत होते, असे मला वाटते.

या सहा चित्रांत एक गाडी स्थानकात येण्याचे होते, एक समुद्रस्नानाचे, आणि एक कारखान्यातून कामगार बाहेर पडण्याचे. नट नाही, कथा नाही. जे रोज घडते तेच पडद्यावर. नाटकवाल्यांस हा प्रकार काही दिवसांचा तमाशा वाटला असेल, पण छायाचित्रकाराच्या डोळ्यास त्यातील सामर्थ्य तत्काळ उमगले असावे.

येथे काळाची आठवण ठेवली पाहिजे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग प्रकटला. पुढील काही वर्षे मुंबईने जे भोगले त्याच्या कथा आपल्या सर्वांच्या घरांत आजोबा-पणजोबांपासून चालत आल्या आहेत. माणसे शहर सोडून गेली, गिरण्यांस हात मिळेनात, पेढ्यांची उधारी बुडाली. अशा दिवसांत, १८९८ साली, सावेदादांनी विलायतेतील रायली ब्रदर्स या पेढीकडे चलच्चित्राचा कॅमेरा मागविला. किंमत एकवीस गिनी.

एकवीस गिनी म्हणजे किती, याचा हिशेब मांडण्याचा मोह मला आवरत नाही. गिनी एकवीस शिलिंगांची. म्हणजे एकूण बावीस पौंड एक शिलिंग. त्या सुमारास रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स, अर्थात पौंडास पंधरा रुपये. तेव्हा कॅमेऱ्याची मूळ किंमत ३३० रुपये १२ आणे. आगबोटीचे भाडे आणि जकात निराळी. लालबाग-परळच्या गिरणीत राबणाऱ्या साध्या कामगारास तेव्हा महिना दहा-पंधरा रुपयांच्या आसपास मिळत. म्हणजे त्याची दोन-अडीच वर्षांची कमाई. एवढी रक्कम अशा यंत्रात घालावयाची की ज्याच्या मालास बाजार आहे की नाही हेच कोणास माहीत नाही! हिशेबनीस म्हणून मला कोणी सल्ला विचारला असता तर मी नको म्हटले असते.

कॅमेरा आला आणि हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती झाली. विषयाची निवड मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. कॅमेरा एका जागी रोवलेला, हाताने हँडल फिरवावयाचे, उजेड सूर्याचा. तेव्हा ठरावीक चौकटीत राहूनही भरपूर हालचाल होईल असा प्रसंग हवा. कुस्तीइतका सोयीचा दुसरा कोणता? शिवाय गिरगाव, परळ, लालबाग येथील तालमींत वाढलेल्या प्रेक्षकास डावपेच समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्या काळच्या फितीची लांबीही ध्यानात घ्यावी. हाताने चालविलेल्या कॅमेऱ्यातून सेकंदास साधारण एक फूट फीत जाई. पन्नास फुटांची गुंडाळी असली तर पन्नास सेकंदांचा कारभार. आमच्या भाषेत पन्नास फूट म्हणजे साडेसोळा वारांहून किंचित अधिक. दोन नऊवारी लुगड्यांचेही कापड पुरे होत नाही. तेवढ्यात सलामी, पकड आणि चितपट बसवावयाची, तर हँडल केव्हा फिरवावयास घ्यावे याची अचूक जाण हवी.

फीत धुण्याची सोय येथे नव्हती. ती लंडनला पाठविली गेली. बोटीने जाणार, तेथे धुतली जाणार, परत बोटीने येणार. दरम्यान भांडवल गुंतून पडलेले. सावेदादा या अवधीत स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी रायलीचेच चित्र दाखविण्याचे यंत्र घेतले आणि विलायती चित्रफिती आणून तंबूत खेळ लावण्यास आरंभ केला. कुस्तीची फीत परत आल्यावर ती याच विलायती चित्रांच्या सोबतीने दाखविण्यात आली. ही व्यापारी अक्कल मला फार महत्त्वाची वाटते. आपला माल तयार होईतो दुसऱ्याचा माल विकून दुकान उघडे ठेवावे, हे आमच्या मूळजी जेठा मार्केटातील कोणीही जुना व्यापारी सांगेल. भांडवल पुरविणारा, चित्रण करणारा आणि खेळ लावणारा हे तिन्ही अधिकार एकाच माणसाकडे होते. आज निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा असा अर्थ रूढ आहे. सावेदादांच्या बाबतीत तो अपुरा पडतो.

दुसरे चित्र माकडांना खेळ शिकविणाऱ्या माणसाचे. त्यानंतर १९०१ सालातील दोन चित्रांचा उल्लेख आढळतो आणि दोन्ही अधिक गंभीर वळणाची आहेत. एक पारशी बांधवांच्या आतश बेहरामाविषयीचे. एखाद्या समाजाची वास्तू आणि तेथील प्रसंग चलच्चित्रात नोंदवून ठेवण्याचे आपल्याकडील हे अगदी आरंभीचे उदाहरण असल्याने, धर्मादाय संस्थांत वावरणाऱ्या आपणा सर्वांस त्याचे विशेष वाटावे.

दुसरे रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे. दापोलीजवळील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिज विद्यापीठात गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. परक्या सत्तेखाली दबलेल्या समाजास या यशाने किती उभारी दिली असेल याची आज कल्पनाही करता येणार नाही. डिसेंबर १९०१ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा मुंबईने त्यांचे जंगी स्वागत केले आणि तो सोहळा सावेदादांनी टिपला. पैलवान व माकडे पाहणाऱ्या प्रेक्षकापुढे आता एक गणिती होता. घडलेली सार्वजनिक घटना, ती घडत असताना, तिच्या महत्त्वासाठी चित्रित करणे यालाच वृत्तचित्र म्हणावयाचे असेल, तर आपल्याकडील वृत्तचित्राचा जन्म मी कुस्तीपेक्षा या प्रसंगी मानीन. जाणकारांचे मत वेगळे असू शकेल. याच रँग्लरांची नात सई परांजपे पुढे चित्रपट दिग्दर्शिका झाल्या आणि त्यांनी अनेक अनुबोधपटही केले, हा योगायोग मोठा गोड आहे.

१९०३ च्या जानेवारीत लॉर्ड कर्झनने दिल्लीस दरबार भरविला. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचा सोहळा. राजा स्वतः आला नव्हता, त्याचा भाऊ ड्यूक ऑफ कॅनॉट आला होता. हत्ती, संस्थानिक आणि लवाजमा यांचे चित्रण करण्यास परदेशी कॅमेरावाले आले होते. त्यांच्या रांगेत मुंबईचा सावेदादाही होता. यंत्रसामग्री घेऊन आगगाडीने दिल्ली गाठणे, तेथे उभे राहण्यास जागा मिळविणे आणि एकदा निघून गेलेली मिरवणूक पुन्हा फिरणार नाही याचे भान ठेवून हँडल फिरविणे, हे सारे विचारात घेतले म्हणजे त्यांच्या धाडसाचे मोल कळते.

आणि यानंतर चित्रणाची कारकीर्द जवळजवळ संपते. छत्तिशीतल्या माणसाने हाती आलेली विद्या बाजूस ठेवली. त्यांचे साहित्य पुढे करंदीकर, पाटणकर आणि दिवेकर या मंडळींकडे गेले. त्यांतील श्रीनाथ पाटणकर मूकपटांच्या जमान्यातील एक प्रमुख निर्माते झाले, म्हणजे रायलीचे ते यंत्र वाया गेले नाही. सावेदादा स्वतः खेळ दाखविण्याच्या धंद्याकडे वळले आणि बोरीबंदरजवळील गेटी नाट्यगृहाची व्यवस्था त्यांनी पाहिली. हेच गेटी पुढे कॅपिटॉल सिनेमा म्हणून प्रसिद्धीस आले. प्रदर्शनाच्या धंद्यात त्यांना पैसा चांगला मिळाला असे सांगतात.

चित्रपटाच्या इतिहासकारांना या निर्णयाचा थोडा विषाद वाटतो. मला तो समजतो. मिनिटभराची फीत तयार करण्यासाठी कच्चा माल विलायतेतून आणावयाचा, धुण्यास विलायतेस पाठवावयाचा, आणि दोन-चार आठवड्यांत प्रेक्षक म्हणणार की हे पाहून झाले. विलायती फिती मात्र तयार, स्वस्त आणि नित्य नव्या. जेथे उत्पादनात तोटा व विक्रीत नफा असतो तेथे शहाणा माणूस दुकानात बसतो. मुंबईत कापडाच्या बाबतीतही असे प्रसंग कमी आलेले नाहीत. गिरण्या गेल्या, दुकाने राहिली. तरीही एक गोष्ट मनास लागतेच. ल्युमिएरच्या पहिल्या चित्रांत लिआँच्या कारखान्याचे दार उघडून कामगार बाहेर पडताना दिसतात. परळ-लालबागच्या गिरण्यांचा भोंगा होऊन हजारो माणसे फाटकाबाहेर पडण्याचे दृश्य सावेदादांना रोज हाताशी होते, पण त्यांच्या चित्रांच्या यादीत गिरणी नाही. ज्या काळात आनंद पटवर्धनांनी ‘ऑक्युपेशन : मिल वर्कर’ हा अनुबोधपट केला, त्या १९९६ साली चित्रणासाठी उरला होता तो बंद गिरणीच्या दारावरचा झगडा.

वंगीय अभ्यासक आद्यत्वाचा मान कलकत्त्याच्या हिरालाल सेन यांना देतात. सेन यांनी नाटकांतील दृश्यांपासून आरंभ केला आणि पुष्कळ चित्रण केले. त्यांचा सारा साठा १९१७ मध्ये आगीत भस्मसात झाला. पहिला कोण, या वादात मला रस नाही. मुंबईत मात्र सावेदादांनंतर ज्यांचे नाव घ्यावयाचे ते दादासाहेब फाळके सावेदादांपेक्षा अवघ्या दोन वर्षांनी लहान होते, आणि त्यांची वाटही वृत्तचित्रावरूनच गेली. १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी दादरच्या घरी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून अंकुराचा वेल होताना दाखविला. ते पाहूनच भांडवलदाराने हात सैल केला. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्या दिवशी दुसरे एक हरिश्चंद्र त्याच शहरात चित्रपटाचे खेळ चालवीत होते, ही गोष्ट मला मौजेची वाटते.

वृत्तचित्रास सरकारी छत्र मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. युद्धप्रचारासाठी १९४० मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड निघाले; वाडिया मूव्हीटोनचे जे.बी.एच. वाडिया आणि व्ही. शांताराम ही मंडळी त्यात होती. परळची वाडिया मूव्हीटोनची जागा १९४२ मध्ये शांतारामांच्या राजकमलकडे आली, हे परळकरांस सांगावयास नको. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि प्रत्येक चित्रगृहात मुख्य चित्रपटापूर्वी तिचे समाचारचित्र वा अनुबोधपट दाखविणे बंधनकारक राहिले. माझ्या पिढीस ते काळे-पांढरे चित्र आणि तो भारदस्त आवाज विसरता येणार नाही. धरणे, पूर, लोकनृत्ये, परदेशी पाहुण्यांचे आगमन. खरे सांगावयाचे तर आम्ही मुले मुद्दाम उशिरा आत शिरत असू आणि तोवर बाहेर चणे-फुटाणे खात असू. वडील मात्र वेळेवर जाऊन बसत. तिकिटाचे पैसे त्याचेही दिले आहेत, असे त्यांचे म्हणणे असे.

आता मुख्य दुःखाची गोष्ट. सावेदादांच्या फितींपैकी एकही आज पाहावयास मिळत नाही. कुस्ती नाही, परांजप्यांचे स्वागत नाही, आतश बेहराम नाही. दिल्ली दरबाराची परदेशी लोकांनी घेतलेली दृश्ये विलायतेत जपलेली आहेत. आपल्या माणसाने घेतलेली गेली. त्या वेळची फीत नायट्रेटची. उष्णता आणि दमट हवा तिला मानवत नाही. ती चिकट होते, तिची भुकटी होते, कधी आपोआप पेटते. सुमारे १९५० पर्यंत हीच फीत सर्वत्र वापरात होती. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशाच नायट्रेटच्या साठ्यास आग लागून शेकडो जुने चित्रपट नष्ट झाले. हवामानाइतकाच माणसाचाही यात हात आहे. फितीत चांदीचा अंश असे. तो काढून घेण्यासाठी जुने चित्रपट वजनावर विकले गेले, आणि उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या व पिशव्या झाल्या. गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये १९३१ साली लागलेला ‘आलम आरा’ हा पहिला बोलपटही शिल्लक नाही.

हे वाचून मला कापड बाजारातील जर घेणाऱ्यांची आठवण होते. जुने शालू-पैठण्या ते तोलून घेतात, जाळून चांदी काढतात. विकणाऱ्या बाईस चार पैसे मिळतात आणि पदरावरचे मोर कायमचे जातात. मीही दुकानात बसून असे पदर तोलून घेतलेले आहेत. तेव्हा चित्रपटवाल्यांना दोष देण्यास माझे तोंड नाही.

आणखी एक गोष्ट लिहितो. आमच्या थोरल्या बंधूंचे लग्न १९७१ साली गिरगावात झाले. वडिलांच्या एका स्नेह्यांकडे आठ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा होता; त्यांनी हौसेने तीन रिळे काढली. पन्नास फुटांचे एक, चार-चार मिनिटांची. घरच्या भिंतीवर चादर लावून ती दोनदा पाहिल्याचे मला स्मरते. फेटा बांधलेले वडील कॅमेऱ्याकडे चालत येतात आणि लाजून तोंड फिरवतात. पुढे ती रिळे बिस्किटाच्या डब्यात घालून दुकानाच्या लोखंडी कपाटात ठेवली, आणि विसरली. वडील गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी डबा उघडला तो व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. दोन रिळांचा एकच गोळा झाला होता. तिसरे सुटले, त्याची प्रत करून घेतली. त्यात बँडवाले आहेत, पंगत आहे, आम्ही मुले धावतो आहोत. वडील नाहीत, मांडवाच्या खांबाला टेकवलेली त्यांची छत्री एकदा दिसते. त्याच कपाटात १९३८ पासूनच्या रोजमेळाच्या वह्या आहेत, आणि त्यांतील एक पान गहाळ नाही.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पेडर रोडवरील गुलशन महाल व त्याशेजारच्या नव्या इमारतीत २०१९ पासून भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू आहे. फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला. ज्यांना सवड आहे त्यांनी नातवंडांस घेऊन पेडर रोडचे ते संग्रहालय अवश्य पाहावे. हँगिंग गार्डनपासून उतरून केम्प्स कॉर्नरमार्गे चालत जाण्याइतके ते जवळ आहे.

सावेदादांचे देहावसान २० फेब्रुवारी १९५८ रोजी झाले. नव्वदीस अवघा महिनाही उरला नव्हता. वॉटसन्समधील पहिला खेळ, तंबू, मूकपट, बोलपट आणि रंगीत चित्रपट एवढे सारे एका आयुष्यात त्यांनी पाहिले. फाळके चौदा वर्षांपूर्वी नाशिकला निवर्तले होते; ज्यांचे स्वागत सावेदादांनी चित्रित केले ते रँग्लर परांजपे त्या वेळी हयात होते आणि पुढे १९६६ पर्यंत जगले. फिल्म्स डिव्हिजनला दहा वर्षे होत आली होती, आणि त्या आठवड्याचे समाचारचित्र नेहमीप्रमाणे मुंबईहून देशभरच्या चित्रगृहांकडे रवाना झाले.